करोना पोटातही उतरतो

घरात कुणाला जुलाब लागले की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो: काल बाहेर काय खाल्लं? पाणीपुरी, लग्नातलं जेवण, फ्रिजमधली परवाची भाजी, कशावर तरी दोष गेला की मन निवांत होतं. हा प्रश्न बरोबरच आहे, तो विचाराच. माझी विनंती एवढीच, की त्याच्या जोडीला आणखी दोन गोष्टी विचारा. घरात, कामावर, मुलांच्या शाळेत कुणाला ताप, सर्दी, घसादुखी आहे का? आणि ज्याचं पोट बिघडलंय त्याला अंगदुखी, कणकण, खोकला, तोंडाची चव जाणं असं काही आहे का? कारण करोना हा फक्त छातीचा आजार नाही. काही जणांमध्ये तो आधी पोटात दिसतो आणि खोकला दोन दिवसांनी येतो. काहींना खोकला येतही नाही.

करोना संपला, असं आपण धरून चाललो आहोत. तो संपलेला नाही. २०२५च्या मे-जूनमध्येही आपल्या राज्यात रुग्ण वाढले होते. बहुतेकांना आता तो चार दिवसांच्या तापासारखा येऊन जातो, आणि ते चांगलंच आहे. पण त्याच घरात ऐंशीच्या आजी असतात, डायलिसिसवरचे काका असतात, किमो चालू असलेली वहिनी असते. त्यांच्यासाठी हा आजार अजूनही साधा नाही. म्हणून पोट बिघडलेल्या माणसाला ‘काहीतरी बाधलं असेल’ म्हणून सोडून देऊ नका. वरच्या दोन प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर ‘हो’ आलं तर औषधाच्या दुकानात मिळणारं घरगुती तपासणीचं किट आणा. ते निगेटिव्ह आलं तरी दोन दिवसांनी पुन्हा तपासा, आणि तोवर मास्क लावून आजी-आजोबांपासून लांब राहा. यात घाबरण्यासारखं काही नाही.

करोना पोटातही दिसतो, ही गोष्ट डॉक्टरांना नवी नाही. अमेरिकेत सापडलेला करोनाचा पहिला रुग्ण म्हणजे वुहानहून वॉशिंग्टन राज्यात परतलेला ३५ वर्षांचा एक माणूस. जानेवारी २०२०मध्ये त्याला रुग्णालयात ठेवलं तेव्हा खोकला आणि तापाबरोबर दोन दिवसांपासून मळमळ आणि उलट्याही होत्या. पुढे त्याला पातळ शौचाला झालं आणि शौचाच्या नमुन्यातही विषाणू सापडला. त्यानंतर काही आठवड्यांतच चीनमधल्या डॉक्टरांनी रुग्णालयात असलेल्या ७३ रुग्णांचे शौचाचे नमुने तपासले. ३९ जणांच्या नमुन्यात विषाणूचे अंश होते, आणि १७ जणांच्या बाबतीत नाका-घशातली तपासणी निगेटिव्ह झाल्यावरही ते शौचात मिळत राहिले. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाने सौम्य आणि मध्यम आजाराच्या रुग्णांना कित्येक महिने तपासलं. पहिल्या आठवड्यात जवळपास निम्म्यांच्या शौचात विषाणूचे अंश होते, चार महिन्यांनी सुमारे १३ टक्क्यांच्या आणि सात महिन्यांनी जवळपास ४ टक्क्यांच्या. हे अंश म्हणजे जिवंत, दुसऱ्याला लागण करणारा विषाणू असेलच असं नाही. पण आतड्यात तो मुक्काम करतो, हे त्यातून कळतं. शहरांच्या सांडपाण्यावरून करोनाचा माग काढता येतो, तो याचमुळे. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या संशोधकांनी सांडपाण्यावर असं काम केलं आहे.

तो आतड्यात शिरतो कसा? पेशीत जाण्यासाठी या विषाणूला एसीई-२ नावाचं प्रथिन लागतं. हे प्रथिन फुप्फुसात असतं, पण लहान आतड्याच्या अस्तरावर ते भरपूर असतं. तिथे त्याचं स्वतःचं काम आहे. अन्नातल्या प्रथिनांचे पचून झालेले बारीक घटक आत ओढून घ्यायला ते मदत करतं. विषाणू या पेशींत घुसला की पाणी आणि क्षार शोषून घेण्याचं काम बिघडतं, अस्तराला सूज येते आणि पातळ शौच सुरू होतं. बहुतेक वेळा ते पाण्यासारखं असतं, दिवसातून तीन-चारदा होतं आणि काही दिवसांत थांबतं. सोबत मळमळ, भूक मरणं, पोटात मुरडा. शौचातून रक्त पडणं मात्र करोनात नेहमीचं नाही. रक्त किंवा आव दिसली तर करोनाचं नाव घेऊन थांबू नका. आमांश, जंतुसंसर्ग आणि इतर कारणं आधी पाहावी लागतात. ताप जास्त असेल तर टायफॉइडही मनात ठेवावा लागतो, आणि पावसाळ्यात कावीळही. आपल्याकडे पोट बिघडायला कारणांची कमतरता नाही.

आता घरातल्या संडास-बाथरूमबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण याकडे कुणाचंच लक्ष नसतं. २००३मध्ये सार्सची साथ आली, तो करोनाचाच जवळचा भाऊबंद. हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या उंच इमारतींच्या वसाहतीत तेव्हा ३००हून अधिक माणसांना लागण झाली. तिथे येऊन गेलेल्या एका रुग्णाला जुलाब होत होते. चौकशीत निघालं ते असं: बाथरूमच्या जमिनीतल्या जाळीखाली पाणी साठून राहणारा जो वाकडा भाग असतो, तो अनेक घरांत कोरडा पडला होता. त्यामुळे सांडपाण्याच्या पाइपातली हवा, विषाणू असलेल्या बारीक तुषारांसकट, एक्झॉस्ट पंख्याच्या ओढीने घरात येत होती. २०२०मध्ये चीनमधल्या ग्वांगझोऊला एका उंच इमारतीत, एकावर एक असलेल्या तीन घरांतले नऊ जण करोनाबाधित झाले, तेव्हाही संशोधकांचा संशय बाथरूमच्या सामाईक पाइपावरच गेला.

करोना मुख्यतः श्वासातूनच पसरतो, हे इथे ठासून सांगतो. संडासातून पसरल्याची उदाहरणं थोडी आहेत. पण त्यासाठी करायचं काम इतकं सोपं आहे की ते टाळण्याला अर्थ नाही. तुमच्या बाथरूमच्या कोपऱ्यातली जाळी उचलून बघा. प्लंबर ज्याला नहाणी ट्रॅप म्हणतात, त्यात पाणी दिसलं पाहिजे. पाहुण्यांसाठी ठेवलेलं, गॅलरीतलं, बंद खोलीतलं बाथरूम आठवडाभर वापरलं नसेल तर त्या ट्रॅपमध्ये मगभर पाणी ओता. ट्रॅपच बसवलेला नसेल किंवा फुटला असेल तर बसवून घ्या, खर्च फार नाही. झुरळं आणि घाण वास यांनाही त्याने आळा बसतो. घरात रुग्ण असेल तर कमोडचं झाकण लावूनच फ्लश करा, आणि शौचानंतर व जेवण्याआधी हात साबणाने धुवा. चाळीत किंवा वस्तीत सामाईक संडास असेल तर रुग्णाने वापरल्यावर कडी, नळाची चावी आणि पाण्याचा मग ब्लीचिंगच्या पाण्याने पुसून घ्यावं. लहान मुलाचे लंगोट बदलणाऱ्यानेही हात धुण्यात कसूर करू नये.

पोट बिघडलेल्या माणसाला धोका असतो तो पाणी कमी होण्याचा. ताप, घाम, उलट्या, जुलाब, शिवाय चव गेल्यामुळे प्यावंसंही वाटत नाही. तरुण माणूस हे सोसतो. म्हातारा माणूस एका दिवसात कोसळतो. मला एक आजी आठवतात. दोन दिवस जुलाब होत होते आणि घरच्यांचं म्हणणं एकच, ‘बाकी काही नाही, नुसता थकवा आहे.’ खुर्चीतून उठताना त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली आणि डोळे मिटले. बसून घेतलेलं ब्लडप्रेशर ठीक होतं, उभं राहिल्यावर ते धाडकन खाली आलं. जीभ कोरडी ठणठणीत. सकाळपासून लघवीला गेल्याच नव्हत्या, आणि ते कुणी विचारलंही नव्हतं. प्रेशरची गोळी मात्र न चुकता चालू होती, आणि त्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं. त्यांची करोना तपासणी पॉझिटिव्ह आली.

म्हणून रुग्णाला विचारायचा प्रश्न ‘किती वेळा शौचाला झाली’ एवढाच नाही. ‘लघवीला किती वेळा झाली आणि रंग कसा होता’ हेही विचारा. सहा-आठ तासांत लघवी नाही, झाली तर गडद पिवळी, उठल्यावर चक्कर, जीभ कोरडी, मूल रडतंय पण डोळ्यांत पाणी नाही, बाळाची टाळू आत गेलेली, एवढं दिसलं की वाट बघायची नाही. आणि प्रेशरची, मधुमेहाची, हृदयाची गोळी चालू असेल तर जुलाबाच्या दिवसांत ती तशीच घ्यायची की काही दिवस थांबवायची, हे फोनवर का होईना, आपल्या डॉक्टरांना विचारा. स्वतःच्या मनाने बंद करू नका आणि न विचारता चालूही ठेवू नका. मूत्रपिंडाच्या आणि हृदयाच्या रुग्णांनी किती पाणी प्यायचं तेही विचारूनच ठरवावं.

बाकीच्यांसाठी औषध एकच, आणि ते स्वस्त आहे: ओआरएस. १९७१मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याने माणसं पटापट मरत होती आणि सलाइन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि साखर मोजून पाण्यात घालून पिंपातून वाटायला सुरुवात केली. छावणीतला मृत्युदर सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आला. २०२२मध्ये ते गेले आणि पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. या पाण्यातली युक्ती अशी आहे, की आजारी आतडंसुद्धा साखर आणि मीठ जोडीने आत घेऊ शकतं. साखरेचं बोट धरून मीठ आत जातं आणि मिठामागोमाग पाणी. म्हणूनच प्रमाण चुकवून चालत नाही. साखर जास्त झाली तर जुलाब वाढतात.

दुकानात मागताना जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणाची, एक लिटर पाण्यात घालायची पुडी मागा. पूर्ण पुडी पूर्ण लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात घालायची, अर्धी पुडी पेल्यात नाही. ते पाणी चोवीस तासांत संपवायचं, उरलेलं ओतून टाकायचं. खोक्यातली गोड, फळांच्या चवीची पेयं ओआरएस समजून मुलांना पाजली जात होती. त्यात साखर फार असते. अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ लिहायला केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५मध्ये मनाई केली आहे, तरी वेष्टनावरचा मजकूर वाचून घ्या. पुडी नसेलच तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. दर पातळ शौचानंतर दोन वर्षांच्या आतल्या मुलाला पाव ते अर्धा कप, त्याहून मोठ्या मुलाला अर्धा ते एक कप, मोठ्यांना लागेल तेवढं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा चमच्या-चमच्याने सुरू करायचं. घटाघटा पाजलं की उलटून पडतं आणि मग घरचे म्हणतात, ‘पाणीसुद्धा पोटात टिकत नाही.’ चमच्याने दिलेलं बहुधा टिकतं.

उपाशी ठेवू नका. पोटाला आराम म्हणून दोन दिवस नुसत्या चहावर ठेवण्याची पद्धत आपल्याकडे आहे, तिने माणूस आणखी खचतो. मऊ भात, मुगाचं वरण, तांदळाची पेज, ताजं ताक, केळं, नाचणीची आंबील, यातलं जे जाईल ते थोडं थोडं द्या. चव गेली असेल तर लिंबाची फोड, आल्याचा तुकडा, भाजलेल्या जिऱ्याची पूड यांचा उपयोग होतो. आईचं दूध पिणाऱ्या बाळाचं दूध एकही वेळ तोडू नका.

औषधांच्या बाबतीत मला कळकळीने सांगायचं आहे. करोनाच्या जुलाबाला अँटिबायोटिक लागत नाही. विषाणूवर त्याचा काही परिणाम होत नाही, उलट जुलाब वाढवणारी अँटिबायोटिकं बरीच आहेत. मागच्या साथीत कितीतरी लोकांचं पोट आजारापेक्षा औषधांनीच जास्त बिघडलं: ॲझिथ्रोमायसिन, डॉक्सीसायक्लीन, झिंक, व्हिटॅमिन सीच्या गोळ्या, आणि वर रिकाम्या पोटी काढा. मैत्रिणीची किंवा शेजाऱ्याची जुनी चिठ्ठी दाखवून औषधं आणू नका. तापाला पॅरासिटामॉल, ठरलेल्या मात्रेत. अंगदुखीच्या इतर गोळ्या, पोट रिकामं आणि पाणी कमी असताना, जठराला आणि मूत्रपिंडाला दोन्हींना इजा करतात. जुलाब एकदम थांबवणारी गोळी लहान मुलांना कधीच नको, आणि ताप किंवा रक्त असेल तर मोठ्यांनाही नको. स्टिरॉइड हे करोनात जीव वाचवणारं औषध आहे, पण ऑक्सिजन कमी झालेल्या रुग्णासाठी. घरी, सौम्य आजारात घेतलं तर ॲसिडिटी आणि साखर वाढते, हाती काही लागत नाही.

काढ्याबद्दल लिहिलं की काही जण नाराज होतात, तरी लिहितो. आलं-तुळशीचा पातळ, गरम काढा घशाला बरा वाटतो, तो घ्या. पण दिवसातून तीन-चारदा मिरी, दालचिनी, लवंग घालून कडक उकळलेलं पाणी रिकाम्या पोटी घेतलं तर जळजळ होणारच. आणि गुळवेल महिनोन्‌महिने घेणाऱ्यांनी सावध राहावं. मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला. पुढे देशातल्या वेगवेगळ्या केंद्रांतून अशा ४३ रुग्णांचा अहवाल आला. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अन्नावरची वासना उडाली तर आपण काय काय घेत होतो ते सगळं डॉक्टरांना सांगा, काढा आणि चूर्णसुद्धा. ‘ते काही औषध नाही’ म्हणून लपवू नका.

काही वेळा पोटदुखी ही तातडीची गोष्ट असते. करोनात रक्ताच्या गुठळ्या होण्याकडे कल वाढतो, आणि क्वचित एखादी गुठळी आतड्याच्या रक्तवाहिनीत अडकते. दुखणं इतकं असतं की माणूस तळमळतो, पण पोट दाबून पाहिलं तर त्या मानाने काहीच लागत नाही. अशा वेळी इंजेक्शन देऊन घरी झोपवून ठेवू नका, काही तासांत आतडं निकामी होऊ शकतं. सोनोग्राफी-सीटी स्कॅनची आणि शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात थेट जा. डांबरासारखं काळं शौच, रक्ताची उलटी, पोट फुगून गॅससुद्धा न सरणं, यांनाही तोच नियम.

आणि मुलं. करोना होऊन गेल्यावर दोन ते सहा आठवड्यांनी काही मुलांना एक वेगळाच आजार होतो. आधीचा करोना इतका सौम्य असतो की घरात कुणाला आठवतही नाही. मग अचानक न उतरणारा ताप, जोराची पोटदुखी, उलट्या, जुलाब, डोळे लाल, अंगावर पुरळ, ओठ लालभडक. पोट इतकं दुखतं की अपेंडिक्स समजून मुलाला शस्त्रक्रियेपर्यंत नेल्याची उदाहरणं आहेत. खरा घाव हृदयावर बसत असतो. करोनाचा ओमायक्रॉन हा प्रकार आल्यानंतर हा आजार बराच कमी झाला आहे, आणि वेळेत उपचार मिळाले तर बहुसंख्य मुलं बरी होतात. तुम्ही डॉक्टरांना फक्त एक वाक्य सांगायचं आहे: ‘महिन्याभरापूर्वी घरात सगळ्यांना ताप-सर्दी होऊन गेली होती.’ त्या एका वाक्याने तपासण्यांची दिशा बदलते.

राहिले ते लोक, ज्यांचा करोना बरा झाला पण पोट पूर्वीसारखं झालं नाही. जेवलं की फुगतं, कधी बद्धकोष्ठ, कधी घाईने पळावं लागतं, सकाळी घराबाहेर पडायची धास्ती. घरात त्यांना ‘मनाचे खेळ’ म्हटलं जातं. तसं म्हणू नका. अनेक देशांतल्या रुग्णालयांनी मिळून केलेल्या अभ्यासात, वर्षभरानंतर ‘इरिटेबल बाउल’चा त्रास करोना झालेल्यांपैकी ३.२ टक्क्यांना आणि न झालेल्यांपैकी ०.५ टक्क्यांना दिसला. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या नोंदींवरच्या २०२३च्या मोठ्या अभ्यासात पचनाच्या दीर्घ तक्रारींचा धोका ३६ टक्क्यांनी वाढलेला आढळला. हाँगकाँगच्या डॉक्टरांना करोनाच्या रुग्णांच्या आतड्यात उपकारक जिवाणू घटलेले दिसले, आणि विषाणू गेल्यावरही काही आठवडे ते भरून आले नव्हते. पेनसिल्व्हेनियातल्या संशोधकांनी तर असं मांडलं आहे, की आतड्यात रेंगाळलेल्या विषाणूमुळे अन्नातला ट्रिप्टोफॅन नावाचा घटक नीट शोषला जात नाही, सेरोटोनिन कमी होतं आणि त्यातून थकवा, विसराळूपणा येत असावा. म्हणजे त्रास खरा आहे आणि त्याला शरीरातली कारणं आहेत.

अशांना माझं सांगणं आहे की धीर धरा, बहुतेकांचं पोट हळूहळू मार्गी लागतं. कोणत्या पदार्थाने त्रास वाढतो ते दोन आठवडे वहीत लिहून काढा. दूध, गहू, कडधान्य सगळं एकदम सोडून देऊ नका, एकेक करून पाहा. रोज घरी विरजलेलं दही किंवा ताक, संध्याकाळी चालणं, वेळेवर जेवण आणि झोप, एवढ्यावर बऱ्याच जणांचं भागतं. महागड्या प्रोबायोटिक पुड्यांच्या मागे लागण्याआधी हे करा. पण वजन आपोआप उतरत असेल, शौचात रक्त असेल, रात्री झोपेतून उठून शौचाला जावं लागत असेल, हिमोग्लोबिन कमी झालं असेल, किंवा वयाच्या पंचेचाळिशीनंतर शौचाची सवय पहिल्यांदाच बदलली असेल, तर त्याचं खापर करोनावर फोडून थांबू नका. क्षयरोग, आतड्याची सूज, कर्करोग यांची सुरुवातही अशीच असते, आणि लवकर सापडले तर त्यांच्यावर उपचार आहेत. दुर्बिणीच्या तपासणीचं नाव काढलं की लोक महिनोन्‌महिने टाळतात. ती सहसा अर्ध्या-पाऊण तासात आटोपते, भूल देऊनही करता येते. वेळ घ्या, सोबत घरातल्या कुणालातरी न्या, आणि जाऊन या.